आठ लघुग्रह, तीस वर्षे आणि छापायच्या राहिलेल्या वह्या: नॉर्मन पॉगसन यांचे प्रकरण

१७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या सरकारी वेधशाळेतून एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून त्याचे नाव ‘एशिया’ ठेवले गेले. क्रमांक ६७. शोधणारे नॉर्मन रॉबर्ट पॉगसन तेव्हा बत्तीस वर्षांचे होते आणि सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून मद्रासला येऊन त्यांना जेमतेम काही महिने झाले होते. तिथून पुढे १८९१ च्या जूनमध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती वेधशाळा सोडली नाही.

तीस वर्षांत मद्रासहून त्यांना एकूण पाच लघुग्रह सापडले. त्याआधी ऑक्सफर्डला असताना सव्वा वर्षाच्या आत तीन सापडले होते. त्याच काळात अमेरिकेतल्या पीटर्स यांच्या नावावर ४८ लघुग्रह लागले, आणि ऑस्ट्रियाचे योहान पालिझा तर नुसत्या डोळ्याने दुर्बिणीतून बघत पुढे १२२ पर्यंत पोहोचले. दमदार सुरुवात करून पॉगसन मागे का पडले, असा प्रश्न साहजिकच पडतो.

हवा मानवली नाही, उमेद संपली, हे ठरावीक उत्तर इथे लागू पडत नाही. पॉगसन मद्रासला अखेरपर्यंत रात्रीमागून रात्री दुर्बिणीशी होते. लघुग्रहांच्या आकड्यावरून त्यांना मोजणे हीच पहिली चूक, असे मला वाटते. त्यांचे बघणे कधीच कमी पडले नाही. बघितलेले लोकांसमोर आणण्यात मात्र ते फार कमी पडले, आणि त्यात त्यांचा वाटा किती व परिस्थितीचा किती हे तपासण्यासारखे आहे.

डोळ्याने लघुग्रह शोधणे म्हणजे काय

फोटोग्राफी येण्याआधी लघुग्रह ओळखण्याचा एकच मार्ग होता. दुर्बिणीतून तो हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो, थाळी दिसत नाही. फरक इतकाच की तो सरकतो. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, म्हणजे प्रतियुतीत असताना, मुख्य पट्ट्यातला लघुग्रह एका रात्रीत साधारण पाव अंश हलतो. तेव्हा क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या, आसपासच्या आकाशाचे बारीक नकाशे करायचे, नवव्या, दहाव्या, अकराव्या प्रतीपर्यंतचा (प्रत म्हणजे तेजाची पायरी; आकडा मोठा तितका तारा मंद) एकेक तारा त्यात भरायचा आणि मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाहायचा. नकाशात नसलेला ठिपका दिसला की तास-दोन तास थांबायचे, दुसऱ्या रात्री परत बघायचे. हलला तर लघुग्रह. हलला नाही आणि तेज मात्र बदलले, तर तो रूपविकारी तारा.

पॉगसन यांच्या कामाची किल्ली या शेवटच्या वाक्यात आहे. ते मुळात रूपविकारी ताऱ्यांचे माणूस. ताऱ्यांच्या तेजाचा अंदाज घ्यायला त्यांची नजर तयार झालेली होती. सरकणारे ठिपके आणि बदलणारे ठिपके एकाच नकाशाच्या दोन बाजू असल्याने लघुग्रह त्यांच्याकडे जवळजवळ जोडधंदा म्हणून आले.

जन्म नॉटिंगहॅमचा, २३ मार्च १८२९ चा. अठराव्या वर्षी जॉन रसेल हाइंड यांच्या मदतीने दोन धूमकेतूंच्या कक्षा त्यांनी गणिताने काढल्या. १८५१ मध्ये लंडनला जॉर्ज बिशप यांच्या खासगी वेधशाळेत, जिथे हाइंड लघुग्रह शोधत होते, तिथे ते साहाय्यक झाले. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत मॅन्युएल जॉन्सन यांच्या हाताखाली गेले. २३ मे १८५६ ला तिथे ४२ क्रमांकाचा लघुग्रह सापडला. जॉन्सन यांनी त्याचे नाव ‘आयसिस’ ठेवले. इजिप्तची देवी तर ती खरीच, पण पॉगसन यांच्या मुलीचेही तेच नाव, आणि ऑक्सफर्डमधून वाहणाऱ्या थेम्सलाही तिथले लोक आयसिसच म्हणतात. या शोधाबद्दल फ्रान्सचे लालांद पारितोषिक मिळाले. १८५७ मध्ये एरिअ‍ॅड्नी आणि हेस्टिया हे आणखी दोन सापडले.

एका तक्त्यातला आकडा

याच काळात पॉगसन यांनी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तात एक लहानसा लेख दिला. विषय अगदी रुक्ष: छत्तीस लघुग्रहांची १८५७ सालातल्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेची तेजाची प्रत. थोडक्यात, कोणता लघुग्रह कधी किती ठळक दिसेल याचे वेळापत्रक. शोधणाऱ्याला हे फार उपयोगी, कारण कोणत्या तेजाचा ठिपका धुंडाळायचा आणि आपली दुर्बीण त्याला पुरेल का, हे आधीच कळते.

असा तक्ता करायचा तर तेजाची मोजपट्टी नक्की लागते. पहिल्या प्रतीचा तारा सर्वात ठळक आणि सहाव्या प्रतीचा डोळ्याला कसाबसा दिसणारा, ही पद्धत प्राचीन ग्रीकांपासूनची. पण एका प्रतीत आणि पुढच्या प्रतीत तेजाचा फरक किती पट, यावर एकमत नव्हते. कोणाच्या मापनात तो २.४ च्या जवळ येई, कोणाच्या २.८ च्या पुढे जाई. पॉगसन यांचे स्वतःचे मापन २.४ च्या आसपासचे होते. तरी त्यांनी सुचवला २.५१२.

कारण निव्वळ हिशेबाच्या सोयीचे. २.५१२ चा लॉगरिदम ०.४ येतो. लघुग्रहाचे तेज सूर्यापासूनच्या आणि पृथ्वीपासूनच्या अंतरांच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. त्यामुळे हे गुणोत्तर धरले की प्रत काढताना त्या दोन अंतरांच्या गुणाकाराचा लॉगरिदम नेमका पाचने गुणावा लागतो. लॉगरिदमची कोष्टके उघडून शेकडो आकडे हाताने काढणाऱ्याला ‘पाच’ ही केवढी चैन आहे! शिवाय २.५१२ चा पाचवा घात १०० होतो, म्हणजे पाच प्रतींच्या फरकाला तेजात बरोबर शंभर पट. पहिल्या आणि सहाव्या प्रतीत सुमारे शंभर पट अंतर असावे, हे आधीपासून माहीत होतेच.

स्वतःच्या मापनापेक्षा वेगळा पण सोयीचा आकडा निवडायला एक प्रकारचा मोकळेपणा लागतो. निसर्गात २.५१२ कुठेही लिहिलेला नाही, मोजपट्टी माणसाने ठरवायची असते, हे पॉगसन यांना पक्के कळलेले होते. पुढे हार्वर्डच्या वेधशाळेने हीच पट्टी उचलली आणि हळूहळू ती सगळीकडे रुळली. आज दूरच्या दीर्घिकेची प्रत सांगतानाही हेच गुणोत्तर वापरतात. लघुग्रहांच्या एका वर्षाच्या, त्या वर्षानंतर रद्दीत जाणाऱ्या वेळापत्रकातून हे आले.

आणि ते आले कारण लेख छापला गेला. ऑक्सफर्डहून लंडनला टिपण पाठवायचे आणि महिन्या-दोन महिन्यांत ते अंकात. मद्रासला हे साधन हातचे सुटले.

मद्रास

मध्ये काही काळ, १८५९ पासून, पॉगसन हार्टवेलच्या खासगी वेधशाळेचे प्रमुख होते. मग १८६० मध्ये मद्रासची नेमणूक झाली. ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ मध्ये उभारलेल्या या वेधशाळेची परंपरा मोठी होती: टेलर यांनी इथूनच ११,०१५ ताऱ्यांची सूची १८४४ मध्ये दिली होती. पॉगसन यांच्या आधीचे जेकब प्रकृतीपायी परत गेले. (हेच जेकब पुढे नवी दुर्बीण घेऊन पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा काढायला आले आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात पोहोचताच वारले. ते जगते तर पश्चिम घाटातल्या खगोलशास्त्राचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. असो.)

लघुग्रह शोधायला मद्रासची जागा उत्तम होती. अक्षांश १३ अंश. एप्रिल-मेमध्ये प्रतियुतीत येणारे लघुग्रह कन्या, तूळ, वृश्चिक या भागात असतात. इंग्लंडमधून वृश्चिक क्षितिजाला घासून जातो, मद्रासहून तो डोक्याच्या बराच जवळ येतो. मद्रासचे पाच शोध पाहिले तर एशिया १७ एप्रिलचा, सॅफो २ मे १८६४ चा, सिल्व्हिया १६ मे १८६६ चा. पाचातले तीन याच दिवसांतले. उरलेले दोन म्हणजे १७ नोव्हेंबर १८६८ चा कॅमिला आणि ६ फेब्रुवारी १८८५ चा व्हेरा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला परतीच्या पावसाचा काळ असल्याने नोव्हेंबरचा कॅमिला हा नशिबाचा भाग म्हणायचा.

तारखांतले दुसरे काही मला जास्त बोलके वाटते. १८६१ ते १८६८ मध्ये चार आणि मग सोळा वर्षांहून अधिक काळ काहीच नाही. या खंडात झाले काय?

१८६२ मध्ये नवे याम्योत्तर यंत्र चालू झाले. ही दुर्बीण फक्त उत्तर-दक्षिण रेषेत फिरते आणि तारा ती रेषा ओलांडतो त्या क्षणाची नोंद करून त्याचे स्थान ठरवते. हे वेधशाळेचे मुख्य सरकारी काम होते आणि ते १८८७ पर्यंत चालले. यातली निरीक्षणाची बाजू सोपी. जड आहे ती नंतरची. प्रत्येक नोंदीला वातावरणातले वक्रीभवन, पृथ्वीच्या अक्षाची परांचन गती (म्हणजे अक्षाचे संथ डोलणे), प्रकाशाचे अपायन (पृथ्वीच्या वेगामुळे तारा किंचित सरकलेला दिसणे) आणि यंत्राच्या स्वतःच्या त्रुटी या सगळ्यांचे संस्कार करावे लागतात, तेव्हा कुठे छापण्याजोगे स्थान मिळते. रात्रभराच्या नोंदींना दिवसच्या दिवस आकडेमोड. त्यातच हवामानाच्या नोंदी आणि मद्रासची वेळ पुरवण्याची जबाबदारी. रेल्वे आणि तारायंत्रे त्या वेळेवर चालत.

माणसे किती? पॉगसन युरोपीय साहाय्यक मागत राहिले, तो मिळाला नाही. काम उचलले ते भारतीय साहाय्यकांनी आणि घरच्यांनी. पहिले साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी हे स्वतः उत्तम निरीक्षक. १८६७ मध्ये त्यांनी जाल तारकासमूहातला आर हा रूपविकारी तारा शोधला आणि १८७२ मध्ये ते रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. १८८० मध्ये ते गेले. लघुग्रहाला जिचे नाव मिळाले ती मुलगी आयसिस १८७३ पासून साहाय्यक होती आणि १८९८ पर्यंत वेधशाळेच्या कामात राहिली. १८८६ मध्ये वडिलांनी तिचे नाव सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचवले, पण स्त्रिया सदस्य होऊ शकत नाहीत म्हणून ते मागे घ्यावे लागले. सदस्यत्व मिळाले १९२० मध्ये.

दोन रात्री

२७ नोव्हेंबर १८७२ ला युरोपात उल्कांचा प्रचंड वर्षाव झाला. बीलाचा धूमकेतू १८४६ मध्ये दुभंगलेला दिसला होता आणि १८५२ नंतर तो कोणाला सापडला नव्हता. उल्का त्याच्याच कक्षेतून येत होत्या. गटिंगनच्या क्लिंकरफ्यूस यांनी तर्क केला की धूमकेतू पृथ्वीजवळून जाऊन आता दक्षिण आकाशात दिसायला हवा. त्यांनी मद्रासला तार केली: नरतुरंगातल्या थीटा ताऱ्याजवळ शोधा. भारताला युरोपशी जोडणारी समुद्री तार नुकतीच, १८७० मध्ये पडली होती.

पहिल्या रात्री ढग होते. २ डिसेंबरला ढगांच्या फटीतून पॉगसन यांना खरोखरच एक धूमकेतू दिसला. ३ तारखेलाही दिसला. मग आकाश पुन्हा भरून आले आणि तो हरवला.

कक्षा काढायला किमान तीन रात्रींची स्थाने लागतात. लघुग्रह असो की धूमकेतू, गणित तेच. दोन नोंदींवर काहीच ठरत नाही. पॉगसन यांना मिळालेला धूमकेतू बीलाचा नसून भलताच कोणी होता, असे नंतरच्या तपासात निघाले. तारेतल्या चुकीच्या अंदाजामागे जाऊन बरोबर त्या जागी दुसराच धूमकेतू सापडणे हा योगायोग इतका विचित्र आहे की पुष्कळांना तो पचला नाही. पॉगसन यांच्या पदरी मात्र एक अर्धवट नोंद आली. त्यांच्या कारकिर्दीत असे वारंवार दिसते: पाहिले खरे, पण तिसरी रात्र हुकली.

१८६८ च्या खग्रास ग्रहणाचीही तीच कथा. १८ ऑगस्टचे हे सूर्यग्रहण भारतात जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टण या पट्ट्यात खग्रास दिसले. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन होते, मछलीपट्टणला पॉगसन वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. सूर्याच्या ज्वालांमधली पिवळी रेषा त्यांनीही पाहिली. ती सोडियमच्या डी रेषेवर आहे की अगदी शेजारी, याबद्दल त्यांनी थोडी शंका ठेवली. ती शंका म्हणजेच हेलियम: रेषा तोवर अज्ञात असलेल्या या मूलद्रव्याची होती. पण त्यांचा अहवाल मद्रासलाच छापला गेला आणि युरोपात तो फार कोणी वाचला नाही. हेलियमच्या इतिहासात नावे राहिली जानसेन आणि लॉकयर यांची. अन्याय झाला असे मी म्हणणार नाही, कारण रेषा सोडियमची नाही हे ठामपणे सिद्ध करणे हे वेगळे काम आहे आणि ते इतरांनी केले. तरी तो अहवाल लंडनच्या एखाद्या अंकात आला असता तर चर्चेत त्यांचे नाव पहिल्यापासून असते.

चूक कोणाची

साठलेली निरीक्षणे छापा, असा तगादा त्यांच्यामागे होता. याम्योत्तर निरीक्षणांचा पहिला खंड निघाला १८८७ मध्ये, म्हणजे काम सुरू झाल्यावर पंचवीस वर्षांनी. उरलेले खंड त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या जागी आलेल्या मिची स्मिथ यांनी पुरे केले.

पॉगसन यांची बाजू घ्यायची तर माणसे नव्हती, आकडेमोड डोंगराएवढी होती, आणि निरीक्षणाची संधी गेली की गेली, गणित मात्र नंतरही करता येते. हे सगळे खरे. पण पंचवीस वर्षे ‘नंतर’ म्हणत राहणे हा निर्णयच असतो. निरीक्षणे काही वर्षे थांबवून हात आकडेमोडीकडे वळवणे त्यांच्या अधिकारात होते. तसे त्यांनी केले नाही, आणि मला वाटते याचे कारण स्वभावात आहे. रात्र स्वच्छ असताना आत बसून गणित करणे त्यांना जमत नसावे. ज्या गुणामुळे ते लघुग्रह शोधू शकले त्याच गुणाने त्यांना छापखान्यापासून दूर ठेवले. सरकारचा दोष वेगळा: दोन-तीन वेधशाळांचे काम एकाच्या गळ्यात बांधायचे आणि मग उशीर का होतो म्हणून विचारायचे.

लघुग्रहांच्या शोधातली सोळा वर्षांची पोकळी याच हिशेबात बसते. नकाशावरचा ठिपका तपासायला मोकळ्या रात्री लागतात, आणि त्या रात्री ताऱ्यांच्या सूचीने खाल्ल्या. पीटर्स यांनीही स्वतःचे नकाशे केले होते, पण त्यांच्या मागे असा सरकारी रहाटगाडा नव्हता.

नंतर

पॉगसन २३ जून १८९१ ला मद्रासमध्ये वारले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी फोटोच्या काचेवर ३२३ क्रमांकाचा ब्रुसिया हा लघुग्रह पकडला. ताऱ्यांचे ठिपके आणि लघुग्रहाची छोटी रेघ, इतका सरळ निवाडा. नकाशे घोकण्याची पद्धत त्यानंतर झपाट्याने मागे पडली.

त्यांना सापडलेल्या लघुग्रहांपैकी तीन मात्र पुढे फार कामाचे ठरले. डेव्हिड गिल यांनी १८८९ मध्ये सॅफोचे वेध घेतले. आयरिस आणि व्हिक्टोरिया यांच्या वेधांसह त्यातून सूर्याचा पराशय (सूर्यावरून पृथ्वीची त्रिज्या जेवढ्या कोनात दिसेल तो कोन) ८.८० विकला निघाला. पृथ्वी-सूर्य अंतराचा हा आधार पंचांगकर्त्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वापरला. सिल्व्हिया आणि कॅमिला मुख्य पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला फिरतात. सिल्व्हियाला २००१ मध्ये एक चंद्र सापडला, आणि दुसऱ्याची घोषणा २००५ मध्ये झाली तेव्हा दोन चंद्र असलेला तो पहिला ज्ञात लघुग्रह ठरला. कॅमिलालाही आता दोन चंद्र माहीत आहेत. पॉगसन यांच्या नावाचा लघुग्रहही आहे, क्रमांक १८३०.

वह्यांचे काय झाले? रूपविकारी ताऱ्यांच्या त्यांच्या नोंदी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सोसायटीने छापल्या, ते जाऊन दीड दशक उलटल्यावर. त्यांच्या मद्रासमधल्या शोधांपैकी एक लघुग्रह नव्हताच. १८६३ च्या मे महिन्यात, लघुग्रह शोधण्याच्या त्याच हंगामात आणि आकाशाच्या त्याच पट्ट्यात, वृश्चिकेत एक नवा ठिपका दिसला. तो सरकला नाही, काही दिवसांत मावळला. आज तो यू स्कॉर्पिआय म्हणून ओळखला जातो: पुन्हा पुन्हा उसळणारा नवतारा. १९०६ आणि १९३६ चे त्याचे उद्रेक हार्वर्डच्या जुन्या काचांवर मागाहून सापडले, आणि १९७९ पासून २०२२ पर्यंतचे पाच प्रत्यक्ष पाहिले गेले. त्या मालिकेतली पहिली तारीख मद्रासची आहे.